कातरवेळी किनाबातांगान नदीवर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बोर्निओ बेटावरील किनाबातांगान नदीतून नावेने फिरून वन्यजीव पाहण्याविषयी गेल्या काही दिवसांत वाचकांची बरीच पत्रे आली. काहींची यात्रा ठरलेली आहे, काहींचा विचार चालू आहे, आणि एक पत्र परतल्यावरही मनातून न गेलेल्या शंकेचे आहे. जागेअभावी पत्रांतील प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. ही नदी ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो की, ती मलेशियाच्या सबाह राज्यातून सुमारे ५६० किलोमीटर वाहत सुलू समुद्राला मिळते आणि राजांग नदीच्या खालोखाल मलेशियातील सर्वांत लांब नदी मानली जाते. वन्यजीव पाहण्यासाठी लोक जातात ते तिच्या खालच्या, सपाट आणि वळणावळणाच्या टप्प्यात, मुख्यतः सुकाऊ, बिलित आणि बातू पुतेह या गावांच्या परिसरात.

प्रश्न : आम्हाला दुपारी चारची आणि रात्री आठची यांपैकी एकच फेरी निवडता येणार आहे. रात्रीची फेरी अधिक थरारक असेल, असे मुलांचे म्हणणे आहे. आपण कोणती सुचवाल?

उत्तर : दुपारी निघून अंधार पडताना परतणारी. एकच फेरी शक्य असेल तर मी कोणालाही तीच सुचवीन, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे.

हा प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेपाच अंशांवर आहे. इतक्या कमी अक्षांशावर सूर्य क्षितिजाकडे तिरका न सरकता जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही. वर्षातून केव्हाही गेलात तरी सूर्यास्त सहाच्या थोडा अलीकडे-पलीकडे होतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात काठावरची झाडे एकमेकांत मिसळून काळी भिंत उभी राहते. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांना रात्रीचा निवारा गाठायचा तो यापूर्वीच. म्हणून सूर्यास्तापूर्वीचा तास-दीड तास नदीकाठी विलक्षण गजबजलेला असतो. धनेश पक्ष्यांच्या जोड्या नदी ओलांडतात, आणि त्यांच्या पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतो. तिरंदाज पक्षी पंख वाळवून झाले की वरच्या फांद्यांकडे सरकतात. ओरांगउटान जवळपास असेल तर तो फांद्या मोडून, दुमडून त्या रात्रीपुरती शेज रचताना दिसू शकतो.

परंतु या वेळेचे खरे मानकरी आहेत प्रोबोसिस माकडे. लांब, लोंबत्या नाकाचे हे माकड बोर्निओखेरीज जगात इतरत्र नैसर्गिक स्थितीत आढळत नाही. मोठ्या नराचे वजन २० किलोच्या आसपास भरते आणि मादी साधारण त्याच्या निम्मी असते. दिवसा ही माकडे पाने, कच्ची फळे आणि बिया खात जंगलात आत जातात, मात्र संध्याकाळ झाली की पुन्हा पाण्यालगतच्या झाडांवर येऊन झोपतात. हा नेम इतका पक्का आहे की त्यांच्या अभ्यासकांनी आपले बरेचसे काम नावेत बसूनच केले आहे. सुकाऊजवळ मुख्य नदीला मिळणारी मेनांगुल ही अरुंद उपनदी अशा अभ्यासामुळे प्राणिशास्त्रात परिचित झाली आहे.

झोपायला नदीकाठच का, याचे सर्वमान्य उत्तर शत्रूंपासून संरक्षण हे आहे. क्लाउडेड लेपर्ड हा झाडांवर सहज वावरणारा मार्जारकुळातील शिकारी जंगलाच्या बाजूने येऊ शकतो, पाण्याच्या बाजूने येऊ शकत नाही. म्हणजे झाडाची एक बाजू आपोआप राखली जाते. शिवाय प्रवाह अरुंद असेल तर संकटाच्या वेळी पलीकडच्या झाडावर झेप घेता येते. पोहून जाणेही त्यांना जमते, कारण त्यांच्या पायांच्या बोटांमध्ये अंशतः पडदे असतात, पण पाण्यात मगरी असल्यामुळे ती शक्यतो अरुंद जागाच निवडतात. अर्थात ही व्यवस्था पूर्ण निर्धोक नाही, कारण मेनांगुलच्या काठावरच क्लाउडेड लेपर्डने माकडाची शिकार केल्याची नोंद आहे.

मुलांना थरार हवा असेल तर त्यांना या माकडांची उडी पाहू द्या. मेनांगुलवरच्या एका संध्याकाळी आमच्या नावाड्याने इंजिन बंद करून नाव एका झाडासमोर पाऊण तास थांबवली होती. आधी नर आला आणि फांदी हलवून पाहत बसला. त्यानंतर माद्या एकेक करून, पिल्ले पोटाशी धरून, हात-पाय पसरून हवेत झेपावल्या, आणि प्रत्येक वेळी फांद्या कोसळल्यासारखा आवाज होऊन पाने पाण्यावर पडत राहिली. सगळी स्थिरावल्यावर नराचा घोगरा, नाकातून येणारा स्वर ऐकू आला. त्या नाकाच्या आकाराचा संबंध नराच्या शरीराच्या वजनाशी आणि त्याच्या कळपातील माद्यांच्या संख्येशी असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. नंतर बराच वेळ ती काहीच करत नव्हती, नुसती बसून होती. त्या शांत बसण्यालाही अर्थ आहे. त्यांचे पोट अनेक कप्प्यांचे असते आणि त्यात सूक्ष्मजीवांच्या मदतीने पाने आंबतात. ही माकडे गिळलेले अन्न पुन्हा तोंडात आणून गाई-म्हशींसारखे रवंथ करतात, असे मेनांगुलवर केलेले निरीक्षण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वानरवर्गीय प्राण्यांत अशी सवय आढळल्याची ती पहिलीच नोंद होती.

रात्री आठच्या फेरीत ही माकडे झोपलेली असतात आणि त्यांना प्रकाश टाकून उठवणे योग्य नाही. रात्रीची फेरी वाईट असते असे मी म्हणणार नाही, परंतु तिच्यात प्राणी क्षणभर दिसतात आणि संध्याकाळी त्यांचा दिनक्रम दिसतो. मला दुसऱ्याचे मोल अधिक वाटते.

प्रश्न : रात्रीच्या फेरीत मार्गदर्शक टॉर्च फिरवून इतक्या लांबून प्राणी कसे शोधतो? आणि त्या झोताचा प्राण्यांना त्रास होत नाही का?

उत्तर : आधी पहिल्या भागाचे उत्तर देतो. अनेक निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश तो परत फेकतो, त्यामुळे अपुऱ्या उजेडाचा प्राण्याला दुहेरी उपयोग होतो. टॉर्चचा झोत डोळ्यांवर पडला की तोच थर आपल्याला चकाकताना दिसतो. मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे तांबडे दिसतात, तर काठावरच्या कोळ्यांचे डोळे दवबिंदूंसारखे बारीक चमकतात. ही चकाकी प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जाते, म्हणून मार्गदर्शक टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर, कानशिलाजवळ धरतो. टॉर्च मांडीवर ठेवून झोत टाकणाऱ्याला तेच डोळे दिसत नाहीत.

येथे एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. माकडे, ओरांगउटान आणि माणूस यांच्या डोळ्यांत हा थर नसतो, तर त्याच जंगलात राहणाऱ्या स्लो लोरिस या लहान, मंदगती प्राण्याच्या डोळ्यांत तो असतो. त्यामुळे झाडाच्या शेंड्यावर दोन ठळक ठिपके दिसले तर तेथे माकड असण्याची शक्यता जवळजवळ नाही; तो लोरिस, उदमांजर किंवा एखादे रानमांजर असू शकते.

दुसऱ्या भागाविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण बहुतेक चुका येथेच होतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर जोरदार झोत पडला तर प्राण्याला काही काळ नीट दिसत नाही. आपल्या स्वतःच्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो, एवढे आठवले तरी याची कल्पना येईल. घुबडाच्या बाबतीत तो वेळ शिकारीचा असतो. खंड्याची गोष्ट वेगळी आहे. तो दिवसा वावरणारा पक्षी रात्री पाण्यावर झुकलेल्या बारीक फांदीच्या टोकाला झोपतो, आणि साप सरपटत आला तर फांदी हलून जाग यावी म्हणून तो अशी जागा निवडत असावा, असे निरीक्षक मानतात. नावा त्याच्या अगदी हाताच्या अंतरावर नेल्या जातात, कारण तो हलत नाही आणि छायाचित्र सुरेख येते. तो उडाला तर मात्र त्या काळोखात त्याला दुसरी फांदी सापडेलच असे नाही. निवांत दिसतो म्हणून तो निर्भय आहे, असे समजू नये.

चांगला मार्गदर्शक झोत आधी प्राण्याच्या बाजूला टाकतो, त्याच्या कडेच्या उजेडात प्राणी दाखवतो, डोळ्यांत सरळ प्रकाश धरत नाही आणि अर्ध्या-एक मिनिटात टॉर्च दुसरीकडे वळवतो. काही जण टॉर्चला लाल काच लावतात. बहुसंख्य सस्तन प्राण्यांना लाल प्रकाश कमी जाणवतो, म्हणून हा उपाय चांगला आहे. मात्र लाल प्रकाश आहे म्हणून हवा तितका वेळ झोत रोखून धरण्याची मोकळीक मिळत नाही. पिल्लासह असलेल्या कोणत्याही प्राण्यावर आणि हत्तींवर रात्री झोत टाकूच नये. आरक्षण करण्यापूर्वी या गोष्टी विचारून पाहा. ज्यांना असे प्रश्न आवडतात त्यांच्या नावेत बसावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि तिला मगरींची फार भीती वाटते. संध्याकाळची फेरी सुरक्षित असते का? इतर कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : किनाबातांगानमध्ये खाऱ्या पाण्यातील मगर आहे आणि ती मोठी होते. या जातीचे पूर्ण वाढलेले नर पाच मीटरहून अधिक लांब असू शकतात, म्हणून आईंची भीती अकारण नाही. परंतु मगरीचा धोका मुख्यतः त्यांना असतो जे पाण्यात उतरतात, काठावर वाकून कपडे किंवा भांडी धुतात, अथवा मासेमारीसाठी उथळ पाण्यात उभे राहतात. म्हणजे पाहुण्यांपेक्षा नदीवर जगणाऱ्या गावकऱ्यांना. नावेत बसलेल्याने हात पाण्यात सोडू नये, बाजूला वाकू नये आणि धक्क्यावर रेंगाळू नये, एवढे पाळले तर पुरेसे आहे.

माझ्या मते पाण्यावर तरंगणारे ओंडके हा अधिक नित्याचा धोका आहे. पावसानंतर नदीतून मोठमोठी खोडे वाहत येतात आणि अंधारात ती दिसत नाहीत, म्हणून रात्री नाव संथच चालली पाहिजे आणि पुढे बसलेल्या माणसाच्या हातात दिवा असला पाहिजे. लाइफ जॅकेट बंद बांधून घालावे. आईंना नावेच्या मध्यभागी, पाठीला टेकू असलेल्या जागी बसवावे आणि चढता-उतरताना नावाड्याला नाव धक्क्याला घट्ट धरायला सांगावे. या वयात पडण्याची शक्यता तेथेच सर्वाधिक असते.

डासांविषयी मात्र निष्काळजी राहू नका. सबाहमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा नोलेसी प्रकारचा हिवताप आढळतो, आणि तो पसरवणारे डास सूर्यास्तानंतरच्या पहिल्या काही तासांत, म्हणजे नेमके फेरीच्या वेळी, अधिक चावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालावेत, उघड्या त्वचेवर डास दूर ठेवणारे मलम लावावे आणि प्रतिबंधक औषधाविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

प्रश्न : आम्ही नुकतेच सुकाऊला जाऊन आलो. दोन तासांच्या एका फेरीत आम्हाला तीन प्रकारची माकडे, दोन मगरी, अनेक धनेश आणि एक हत्तींचा कळप दिसला. आमचा मार्गदर्शक म्हणाला की हे जंगल फार समृद्ध आहे. सहप्रवासी मात्र म्हणाले की जंगल उरलेच नाही म्हणून सगळे काठावर आले आहेत. खरे काय?

उत्तर : दोघांचेही खरे आहे, आणि ही शंका घेऊन परतलात याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मार्गदर्शकाचे म्हणणे आधी पाहू. पूरमैदानातील जंगल स्वभावतःच समृद्ध असते. पूर दरवर्षी गाळ आणतो, नदी आपले पात्र बदलते, जुनी वळणे तुटून नालाकृती सरोवरे तयार होतात, आणि त्यामुळे थोड्या अंतरात अनेक प्रकारचे अधिवास एकमेकांना लागून राहतात. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत आणि त्या आठही या एका नदीच्या खोऱ्यात नोंदल्या गेल्या आहेत. नदीकाठचे कोवळे गवत हत्तींना प्रिय आहे. म्हणजे प्राणी काठाशी दिसतात ते अंशतः काठ त्यांना खरोखरच हवा असतो म्हणून.

आता सहप्रवाशांचे म्हणणे. विसाव्या शतकात या खोऱ्यात प्रथम मोठ्या प्रमाणावर लाकूडतोड झाली आणि नंतर, विशेषतः १९८० नंतरच्या काळात, मोकळ्या केलेल्या जमिनीवर तेलताडाची लागवड पसरली. नावेतून हे जाणवत नाही, कारण दोन्ही बाजूंना हिरवी भिंत दिसत राहते. सांदाकान शहराहून सुकाऊकडे रस्त्याने येताना मात्र बराच वेळ एकसारख्या ओळींतील तेलताडच दिसतात, आणि तेव्हा कळते की आपण ज्याला जंगल म्हणतो ती पुष्कळ ठिकाणी नदीलगतची एक पट्टी आहे. सबाह सरकारने २००५ मध्ये येथे अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे २६ हजार हेक्टर असले तरी ते सलग नाही; नदीच्या दोन्ही काठांवर दहा वेगवेगळ्या तुकड्यांत ते विखुरलेले आहे. मुखाकडील पाणथळ प्रदेशाला २००८ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सबाहच्या १९९८ च्या जलसंपत्ती कायद्याने नद्यांच्या काठांवर २० मीटर रुंदीचा पट्टा राखीव ठेवला आहे, पण हत्तीच्या कळपासाठी २० मीटर म्हणजे काय, हे तुम्ही तो कळप प्रत्यक्ष पाहिला असल्यामुळे तुम्हीच सांगू शकाल.

बोर्निओचा हत्ती हा आशियाई हत्तीचा आकाराने लहान असा प्रकार असून २०२४ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत स्वतंत्रपणे संकटग्रस्त ठरवण्यात आले. त्याचे एकूण संख्याबळ सुमारे एक हजार मानले जाते. कळपाला एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायचे तर वाटेत मळे, गावे, विजेच्या तारांची कुंपणे आणि रस्ता लागतो. मग कळप काठाकाठाने चालतो, नदी पोहून ओलांडतो, आणि नेमक्या त्याच अरुंद जागी आपल्या नावा उभ्या असतात. मी स्वतः एकदा अशा नावेत होतो जिच्या चालकाने इतर पाच-सहा नावांबरोबर पाण्यात उतरू पाहणाऱ्या कळपासमोरच नाव आडवी लावली. हत्तिणी पिल्लांना मध्ये घेऊन बराच वेळ ताटकळत उभ्या राहिल्या आणि अखेर मागे फिरल्या. आम्हाला छायाचित्रे मिळाली, पण कळपाची त्या संध्याकाळची वाट आम्ही बंद केली होती. तेव्हा मी काही बोललो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. अशा वेळी नाव मागे घ्यायला सांगण्याचा हक्क प्रवाशाला असतो आणि तो त्याने वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओरांगउटानची अडचण आणखी वेगळी आहे. त्याला पोहता येत नाही. पूर्वी दोन्ही काठांवरच्या उंच झाडांच्या फांद्या लहान ओढ्यांवर एकमेकींना भिडत असत आणि तो त्यांवरून पलीकडे जाई. मोठी झाडे तोडली गेल्यावर हा वरचा मार्ग तुटला. सुकाऊ येथे १९९८ पासून गावकऱ्यांच्या सहभागाने ओरांगउटान संवर्धन प्रकल्प चालवणाऱ्या हुतान या संस्थेने उपनद्यांवर दोरांचे पूल टांगले आहेत, आणि काही पुलांसाठी अग्निशमन दलाच्या जुन्या नळ्या वापरल्या आहेत. ओरांगउटान अशा पुलावरून जात असल्याचे छायाचित्र मिळायला काही वर्षे जावी लागली, पण ते मिळाले. याच प्रकल्पात गावातील स्त्रियांचा एक गट तुटलेल्या पट्ट्यांमध्ये स्थानिक झाडांची रोपे लावतो आणि ती जगवतो. पुढच्या वेळी गेलात तर मार्गदर्शकाला हे पूल आणि ही लागवड दाखवायला सांगा. धनेश पाहण्याइतकीच ती पाहण्यासारखी आहेत.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? पावसात फेऱ्या होतात का?

उत्तर : साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर हा कमी पावसाचा काळ सोयीचा समजला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पाऊस जास्त असतो आणि नदीला पूर येऊ शकतो. कोरडा असा महिना मात्र तेथे नाही, त्यामुळे रेनकोट आणि कॅमेऱ्यासाठी जलरोधक पिशवी नेहमीच हवी. मध्यम पावसात नावा निघतात. माझ्या अनुभवानुसार दुपारच्या सरीनंतर निवळलेली संध्याकाळ फार चांगली असते, कारण भिजलेले प्राणी अंग वाळवायला उघड्या फांद्यांवर येतात. पाणी चढलेले असले की नाव अरुंद ओढ्यांतून नालाकृती सरोवरांपर्यंत आत जाऊ शकते, हा पावसाळ्याचा लाभ आहे. उलट पूर फार वाढला तर प्राणी काठापासून पांगतात.

प्रश्न : काजव्यांची झाडे पाहण्याची इच्छा आहे. ती किनाबातांगानवर दिसतील, की सेलांगोरला जावे लागेल?

उत्तर : किनाबातांगानच्या काठावरही काजव्यांनी लखलखणारी झाडे दिसतात, आणि रात्रीची फेरी घ्यावी असे मला वाटायला लावणारे हे एक चांगले कारण आहे. परंतु काजवे हाच मुख्य हेतू असेल तर मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागातील कुआला सेलांगोरजवळचे कांपुंग कुआंतान हे गाव अधिक प्रसिद्ध आहे. तेथे सेलांगोर नदीच्या काठी बेरेंबांग नावाची खारफुटी वर्गातील झाडे आहेत आणि त्यांच्या पानांवर बसलेले टेरॉप्टिक्स टेनेर जातीचे हजारो नर काजवे एकाच तालात, सेकंदाला सुमारे तीन वेळा, उजळतात आणि मालवतात. तेथील लाकडी नावा वल्ह्यांनी चालवल्या जातात, त्यामुळे इंजिनाचा आवाजही नसतो.

या काजव्याचे जीवन एका झाडावर भागत नाही. प्रौढ काजवे झाडावर राहतात, पण त्यांच्या अळ्या काठावरच्या ओलसर जमिनीत लहान गोगलगाई खाऊन वाढतात. झाडे राखली आणि मागची जमीन साफ करून टाकली, तर काही काळाने झाडे असूनही काजवे नाहीसे होतात. कृत्रिम उजेडाचाही उपद्रव मोठा आहे, कारण नर-मादीचा संवादच प्रकाशाने चालतो. म्हणून तेथे मोबाईलचा पडदाही झाकून ठेवावा आणि फ्लॅश मुळीच वापरू नये. शक्य असल्यास अमावास्येच्या जवळपासची रात्र निवडावी. वेळेविषयी एक सूचना देतो. संपूर्ण मलेशियाचे घड्याळ एकच असले तरी सेलांगोर बरेच पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्यास्त सातनंतर होतो, आणि पुरेसा काळोख व्हायला पावणेआठ वाजतात. सबाहच्या सवयीने साडेसहाला धक्क्यावर पोहोचलात तर ताटकळावे लागेल.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी दुर्बीण घ्यावी का? आणि इतका वेळ ती गप्प बसेल का?

उत्तर : दुर्बीण अवश्य घ्यावी, आणि ती कॅमेऱ्यापेक्षा आधी घ्यावी. आठ पट मोठे दाखवणारी, हलकी आणि रुंद भिंगांची दुर्बीण कातरवेळी उपयोगी पडते. त्याहून अधिक मोठे दाखवणारी दुर्बीण हलत्या नावेत स्थिर धरता येत नाही. जाण्यापूर्वी काही दिवस खिडकीतून पक्षी पाहण्याचा सराव करून घ्यावा, नाहीतर पहिली फेरी भिंगे जुळवण्यातच जाईल.

गप्प बसण्याविषयी फार चिंता करू नका. मुलीला कळप मोजण्याचे काम द्या आणि एक लहान वही द्या. प्रोबोसिस माकडांच्या एका कळपात बहुधा एक मोठा नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले असतात. केवळ नरांचेही कळप असतात. समोरच्या झाडावर यांपैकी कोणता कळप आहे, हे तिने ओळखायचे. लहान पिल्लांचे चेहरे निळसर असतात आणि नाके वर वळलेली असतात, त्यामुळे ती चटकन ओळखू येतात. हे काम हाती असले की तिला बोलायला सवडच मिळणार नाही, आणि उजेड संपत आल्यावर आकडा पुरा होत नाही म्हणून नाव आणखी थोडा वेळ थांबवा, असे तीच सांगू लागेल.